यमनाचा गंधार, पेटी आणि गॅदरिंगची तिहाई: सल्ला हवा

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. नाशिकला गाण्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरी पेटी आणि मोबाइलवरचा तंबोरा. पेटीबरोबर बसवलेला यमन रागाचा गंधार (ग) नुसत्या तंबोऱ्यावर चढा वाटतो. दोष गळ्याचा की पेटीचा? दुसरं, गॅदरिंगला तिहाईवर, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्यावर, एक विनोदी तुकडा करायचाय, तोही तीनतालात. ॲप कुठलं घ्यावं हे कृपया नको, त्यावर खूप धागे आहेत.

खर्जप्रेमी
पेटीचा. सप्तकाचे १२ सारखे भाग पाडल्यामुळे पेटीचा गंधार सा-पासून ४०० सेंटवर (लगतच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) बसतो, तंबोऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा-च्या, तारेतून आपोआप उमटणारा मात्र ३८६ वर. पुरुषांची काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) सा धरली तर खर्ज ६९.३ हर्ट्झ, त्याची पाचपट ३४६.५; पेटीवर तोच गंधार ३४९.२. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे ऐकू येतात. कान लावा, चक्क मोजता येतात! पंचमाला ही भानगड नाही, तो जेमतेम २ सेंट उतरा असतो. तेव्हा पेटीवर सा-प धरा आणि गंधार तंबोऱ्यालाच विचारा.
फोनच्या टिचभर स्पीकरला खर्ज झेपत नाही. हेडफोन लावा.

जवारीवाली ताई
खरा तंबोरा हाताशी असेल तर गंधार आणखी स्वच्छ ऐकू येईल, पण जवारी (तारेचा झणझणीत नाद) उघडलेली हवी. आधी खुंट्यांनी तारा ढोबळ लावून घे. मग घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली सुती दोरा घालून केसाकेसाने सरकव. एका जागी तार एकदम झणझणते, तिथेच थांब. पुढे गेलीस की आवाज ठस. पॉलिस्टरचा दोरा नको, घसरतो. दोरा सरकला की स्वरही हलतो, म्हणून स्वर बारीक जुळवायचे मणी सगळ्यात शेवटी. आधी मणी लावून बसणारे अर्धा तास तारांशी भांडतात.
खर्जाची तार एकटीच छेडून बघ, गंधार तिथेच आहे.

धातिटधा
तिहाईचा हिशेब: समेपासून समेपर्यंत, तालाच्या मात्रा अधिक १ = तीन पल्ले (बोलांचे तुकडे) + दोन दम (मधले थांबे). तीनतालात १६ अधिक १, १७, म्हणजे ५ चा पल्ला, १ चा दम. ‘धाधा तिट धाधा तूना धा’, एक मात्रा गप्प, असं तीनदा.
आता गंमत. दुसरा दम गाळा. तिसरा पल्ला एक मात्रा आधी संपतो, तबलजी हात वर धरून गोठतो आणि खऱ्या समेवर गायक नुसता खाकरतो. पण त्याआधी सरळ तिहाई दोनदा घ्याच. सम कुठे येणार हे श्रोत्यांच्या अंगात भिनलं तरच हशा, नाहीतर लोकांना वाटतं पोरं चुकली. कालिदास कलामंदिरासारखं मोठं सभागृह असेल तर चेहऱ्यावरचे भाव मागच्या रांगांना दिसत नाहीत. हातच गोठला पाहिजे.

गोदाकाठची
भारीच! आमचा तबलजी झपतालासाठी हटून बसलाय. त्यात?

धातिटधा
१० अधिक १, ११. पल्ला ३ चा, दम १ चा. रूपकात ७ अधिक १, ८: पल्ला २, दम १. पण रूपकाची सम ‘खाली’च्या (बिनटाळीच्या) मात्रेवर, तिथे ठणठणीत ‘धा’ पडत नाही, विनोद विझतो. झपतालच घ्या.