शब्दचर्चा : 'रनिंग मेट'ला मराठीत काय म्हणायचे?

कानामात्रा :
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा एक लेख मराठीत आणतोय. एका वाक्याने अडवले आहे. आशय असा : १९६० साली केनेडींनी तिकिटाचा समतोल साधण्यासाठी जॉन्सन यांना रनिंग मेट (अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या जोडीने उपाध्यक्षपदासाठी उभा असलेला) म्हणून घेतले. 'सहउमेदवार' लिहिले, तर संपादकांचे म्हणणे की त्याचा अर्थ 'त्याच जागेसाठी उभा असलेला दुसरा', म्हणजे चक्क प्रतिस्पर्धी. आणि 'तिकिटाचा समतोल' वाचून काहीच बोध होत नाही. सुचवा.

अनुनासिक :
'सहगामी उमेदवार'. सुटसुटीत, संस्कृत, अर्थवाही.

वेलांटी :
सहगमन म्हणजे सती जाणे हो! कुणाला चितेवर पाठवताय?

अनुनासिक :
मूळ अर्थ 'बरोबर जाणे' एवढाच आहे. शिवाय हरल्यावर दोघे बरोबरच जातात.

गावकूस :
जात नाहीत, तिथेच गोम आहे. जॉन्सन १९६० साली टेक्ससमधून सिनेटच्या जागेलाही उभे होते आणि तीही जिंकले. त्यासाठी टेक्ससने आधीच कायदा बदलून घेतला होता. १९८८ साली बेंटसन उपाध्यक्षपद हरले, सिनेटची जागा राखली. २०००मध्ये लीबरमन यांचे तेच. २०१२मध्ये रायन यांनी प्रतिनिधिगृहातली जागा राखली. अध्यक्षपदाचा उमेदवार घरी बसतो, जोडीदार आपल्या खुर्चीत परत. तेव्हा 'सहगामी' बाद.

तिरकी रेघ :
आधी मूळ शब्द बघू. रनिंग मेट हा घोड्यांच्या शर्यतीतला शब्द. एकाच तबेल्यातला दुसरा घोडा, मुख्य घोड्याला वेग ठरवून देण्यासाठी पळवलेला. त्याने जिंकावे अशी अपेक्षाच नसते. उमेदवाराची कसून तपासणी करतात त्याला 'व्हेटिंग' म्हणतात, तोही तिथलाच : शर्यतीआधी पशुवैद्याकडून घोडा तपासून घेणे. आपल्याकडे या व्हेटिंगला 'छाननी' लिहितात ते चूक आहे. छाननी उमेदवारी अर्जाची होते : सही आहे का, सूचक आहेत का, अनामत भरली का. इथे पाहतात ती माणसाची खोड.

गावकूस :
आणि 'खोड' हा जनावराच्या बाजारातलाच शब्द. बैल घेताना दात बघायचे : दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला. मग भोवरे, खूर, आणि चालवून बघायचे लंगडतो का. अमेरिकेत दात म्हणजे प्राप्तिकराची विवरणपत्रे, खूर म्हणजे वैद्यकीय कागदपत्रे, भोवरे म्हणजे जुनी भाषणे, सभागृहातले मतदान आणि नवऱ्याचे किंवा बायकोचे धंदे. १९७२ साली अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकगव्हर्न यांनी घाईत ईगलटन यांना जोडीला घेतले, खूर बघायचे राहिले. नैराश्यासाठी विजेचे उपचार घेतल्याचे बाहेर आले आणि १८ दिवसांत माघार. जागी श्रायव्हर आले, पण मॅकगव्हर्न यांच्या पारखीबद्दल शंका यायची ती आलीच. १९८४ साली उपाध्यक्षपदाच्या उमेदवार फेरारो यांच्या बाबतीत नवऱ्याच्या करप्रकरणांनी प्रचाराचे कितीतरी दिवस खाल्ले. निवड जाहीर झाल्यावर खोड सापडली, तर बैल परत करता येतो, बाजार परत भरत नाही.

वेलांटी :
मग 'पारख' म्हणा. पण मुख्य शब्द?

तिरकी रेघ :
जुन्नर-आंबेगावकडच्या बैलगाडा शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते. अर्थाने रनिंग मेट तीच.

गावकूस :
उलटी उपमा झाली. घोडी पुढे, बैल तिच्या मागे. उपाध्यक्षपदाचा उमेदवार पुढे पळू लागला तर पक्षात भांडणे लागतील. घ्यायचीच तर जुकाटाची आणि धुरेची जोडी घ्या. पुढची दोन जुकाटाची, मागची दोन धुरेची, गाडा एकच.

अनुनासिक :
बैलाची उपमा देशाच्या उपाध्यक्षाला? शोभत नाही.

वेलांटी :
१९६९पर्यंत काँग्रेसचे निवडणूक चिन्ह बैलजोडी होते, तेव्हा कुणाला अपमान वाटला नव्हता.

कानामात्रा :
'जोडी', 'जोडीदार' चालेल का? 'बायडन यांच्या जोडीदार कमला हॅरिस' लिहिले तर लोक वेगळेच समजतील.

जोडाक्षर :
'जोडी'ची खरी अडचण वेगळी आहे. मराठीत जोड मिळाला म्हणजे दोन्ही सारखे : उंची, शिंगे, चाल एक. एक थोराड आणि एक किरकोळ जुंपला, तर जू एका बाजूला कलते आणि किरकोळ बैलाच्या मानेवर आवाळू येते. अमेरिकन जोडी मात्र मुद्दाम बेजोड निवडतात. केनेडी मॅसॅच्युसेट्सचे, तरुण, कॅथलिक. जॉन्सन टेक्ससचे, प्रोटेस्टंट, सिनेटमधले बहुमताचे नेते. ओबामा पहिल्या मुदतीतले सिनेटर; बायडन १९७३पासून सिनेटमध्ये, परराष्ट्र समितीचे अध्यक्ष. ट्रम्प यांच्या शेजारी २०१६ला पेन्स बसवले, ते ख्रिस्ती कर्मठ मतदारांना धीर यावा म्हणून. यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : पासंग. तराजूची पारडी सारखी यावीत म्हणून हलक्या बाजूला बांधतात तो दगड. 'तिकिटाचा समतोल साधण्यासाठी' याचे मराठी 'पासंग म्हणून'. संपले.

अनुनासिक :
फारसी शब्द. 'संग' म्हणजे दगड.

जोडाक्षर :
'तराजू'ही फारसीच. भाजी कशात मोजता?

वेलांटी :
पण 'पासंगालाही पुरत नाही' आपण कुणाला म्हणतो? किरकोळ माणसाला. जॉन्सन पासंग? त्यांच्यावाचून मतदारमंडळातली (अध्यक्ष निवडणाऱ्या राज्याराज्यांच्या प्रतिनिधींची) टेक्ससची २४ मते मिळाली नसती आणि केनेडी हरले असते!

तिरकी रेघ :
हिशोब करा. केनेडींना ३०३, बहुमताला २६९. टेक्ससची २४ वजा केली तर २७९ उरतात, तरी जिंकतात. टेक्ससबरोबर इलिनॉयची २७ गेली असती तर २५२, मग प्रश्न. 'जॉन्सनमुळे जिंकले' हे अर्धे खरे. टेक्सस मिळाले जनतेच्या सुमारे ४६ हजार मतांनी, तिथे त्यांचा हात होता असे म्हणू. आणि प्रत्येक जोडी बेजोड नसते. १९९२ला क्लिंटन ४५ वर्षांचे, गोर ४४चे, आर्कान्सा आणि टेनेसी एकमेकांना लागून. दोघे दक्षिणी, दोघे तरुण. ती तुमची खरी बैलजोडी, आणि जिंकली.

गावकूस :
एक बेजोडपणा मात्र राज्यघटनाच करायला लावते. बाराव्या दुरुस्तीप्रमाणे मतदारमंडळातल्या सदस्याला दोन्ही मते आपल्याच राज्याच्या रहिवाशांना देता येत नाहीत. बुश टेक्ससचे, त्यांचे जोडीदार चेनीही तिथेच राहत होते. म्हणून २०००च्या जुलैत चेनींनी मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. टेक्ससची मते ३२, बुश यांची एकूण २७१. ती ३२ चेनींना मिळाली नसती तर ते २३९वर अडकले असते आणि उपाध्यक्ष सिनेटने निवडला असता.

कानामात्रा :
माहिती उत्तम, पण 'तिकीट'चे काय करू? आपल्याकडे तिकीट 'मिळते' किंवा 'कापले जाते', ते एकाच माणसाचे.

वेलांटी :
त्यांचे तिकीट म्हणजे पक्षाने छापलेली मतपत्रिका, सगळी नावे एकाच कागदावर. एकोणिसाव्या शतकात पक्षच ती वाटायचे. आपल्याकडे सोसायटी, साखर कारखाना, ग्रामपंचायत इथे काय म्हणतात? पॅनेल! पॅनेल टाकले, पॅनेल बसले, पॅनेल फुटले. 'पॅनेलचा समतोल' कुठल्याही गावात कळेल.

जोडाक्षर :
पॅनेलमध्ये मतदार नावे फोडतो. तीन यांची, दोन त्यांची. अमेरिकेत अध्यक्ष याचा आणि उपाध्यक्ष त्याचा असे करताच येत नाही, जोडीला मत एकच. आपल्या थेट सरपंचाशीही जुळत नाही, उपसरपंच सदस्य नंतर निवडतात.

अनुनासिक :
आणि आपला उपराष्ट्रपती खासदार निवडतात, राष्ट्रपतीशी जोडी नाहीच. म्हणून तिकडे 'उपराष्ट्रपती' लिहू नये. 'उपराष्ट्राध्यक्ष' लिहावे.

वेलांटी :
वृत्तपत्रे सर्रास 'उपाध्यक्ष' लिहितात. 'उप' राष्ट्राला लागतो की अध्यक्षाला?

अनुनासिक :
समासाचा विग्रह करून पाहा.

कानामात्रा :
मी सध्या 'उपाध्यक्षपदाचे उमेदवार' लिहून लेख पाठवतोय. समतोलाचे वाक्य मोकळे ठेवले आहे.

तिरकी रेघ :
पासंग घाला.

वेलांटी :
नको.

गावकूस :
ते जाऊ द्या. वर 'धुरेची' लिहिले त्याबद्दल कुणी बोलले नाही. पक्षाची 'धुरा' खांद्यावर घेतात ती हीच धुर, धुरंधर आणि धुरीणही तिच्यातलेच. मग बैल 'धुरेला' जुंपतात की 'धुरीला'?

अनुनासिक :
धुरेला.

जोडाक्षर :
आमच्याकडे धुरीला.