आरव म्हणजे शांत? तुमच्या मुलांच्या नावांचे किस्से इथे सांगा

मीच सुरुवात करते. माझा मुलगा आरव, आता साडेचार वर्षांचा. सातव्या महिन्यात बेडरेस्ट सांगितली होती, तेव्हा पडल्यापडल्या फोनवर नावांची तीन अ‍ॅप्स डाऊनलोड केली आणि तिन्हीत आरवचा अर्थ 'शांत, शांतताप्रिय' असाच दिलेला. म्हटलं झकास, छोटं आहे, संस्कृत आहे, अक्षय कुमारच्या मुलाचं पण हेच आहे आणि परदेशात कुणाची जीभ अडखळणार नाही. नवऱ्यालाही आवडलं. बारसं झालं, आत्याने कानात कुर्रर्र केलं, तिला पाठीत धपाटे मिळाले, घुगऱ्या वाटून झाल्या, आणि मग पानावर बसल्यावर मामा (सासूबाईंचे भाऊ, ३० वर्षं शाळेत संस्कृत शिकवलंय) शांतपणे विचारतात, "सूनबाई, कोंबडा सकाळी काय करतो?"

मी म्हटलं, आरवतो.

"मग? तो काय शांत बसतो का?"

अख्खी पंगत हसली. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं की 'रु' म्हणजे आवाज करणे, त्यापासून रव, आणि त्याला 'आ' लावला की मोठा आवाज, गलका. नकार द्यायचा असेल तर 'अ' लावावा लागतो, म्हणजे आवाज नसलेला तो 'अरव', ऱ्हस्व अ. आपल्या अ‍ॅपवाल्यांनी अ आणि आ एकच धरलाय. अमरकोशात तर 'आरवारावसंरावविरावाः' अशी आवाजाच्या शब्दांची रांगच लावून ठेवलीय म्हणाले, घरी गेल्यावर पानाचा फोटो पण पाठवला. जन्मदाखल्यावर नाव तोपर्यंत लागून गेलेलं. आणि खरं सांगू का, पहिल्या तीन महिन्यांतच पोराने मामांची बाजू घेतली, रात्री दोन ते पाच खणखणीत आवाज.

तर तुमच्याकडे काय झालं? नाव कसं ठरलं, अर्थ काय सांगितला होता आणि काय निघाला, एकाच नावाची किती पोरं भेटली, सगळं लिहा.

प्लेग्रुपवाली टीचर

मी पिंपरी-चिंचवडला प्लेग्रुप घेते. गेल्या वर्षी २२ मुलांत माझ्याकडे चार आरव, दोन विहान आणि एक रेयांश. चार आरवांना हाक मारायची म्हणजे काय होतं सांगू, एक "आरव, खाली उतर" म्हटलं की जो घसरगुंडीवर चढलाय तो सोडून बाकीचे तिघं जिथे बसलेत तिथून उठून उभे राहतात. आडनावाचं अक्षर लावून बघितलं तर दोघं पाटील. शेवटी पोरांनीच तोडगा काढला, आरव चष्मा, आरव दादा (त्याला नुकतीच बहीण झालेली), आरव जेसीबी आणि नुसता आरव. आईवडिलांनी सांगितलं की आमच्या मुलाला जेसीबी म्हणू नका, पण तो स्वतःच तसं नाव सांगायचा. बॉटलवर नाव लिहून काही उपयोग नाही, फोटो चिकटवते मी.

आपल्या वेळी तरी काय वेगळं होतं म्हणा. माझ्या वर्गात तीन अमित होते आणि मोठा अमित, बारका अमित असंच चालायचं. अमित म्हणजे मोजता न येणारा, हे अगदी बरोबर होतं :)

इराची आई

माझी मुलगी इरा. अर्थ बघितला तेव्हा पृथ्वी आणि सरस्वती एवढंच वाचलेलं. नवऱ्याच्या एका मित्राला जुन्या कोशांचा भारी नाद, त्याने बारशालाच मोठ्याने वाचून दाखवलं, "इरा भूवाक्सुराप्सु स्यात्". म्हणजे भू, वाक्, अप् म्हणजे पाणी, आणि मधोमध सुरा! सासरे एकदम वारकरी, घरात तीन पिढ्यांत कुणी थेंब नाही घेतला. सगळे गप्प. मी तर रडायच्या बेतात. सासऱ्यांनी वाटीतल्या घुगऱ्या खाता खाता विचार केला आणि म्हणाले, "चारातले तीन चांगले निघाले, एवढं तर माणसातही मिळत नाही." विषय संपला. मित्राला मी अजून माफ केलेलं नाही.

हस्त नक्षत्र पीडित

तुमचं अर्थावर तरी आलं, आमचं अक्षरावरच अडलं. मुलगा हस्त नक्षत्राचा. हस्ताची चार चरणाक्षरं पू, ष, ण, ठ. आणि आमचे चिरंजीव बरोबर तिसऱ्या चरणात. आजोबा पंचांग घेऊन बसले, म्हणे नावरस नावाचं अक्षर सोडायचं नाही. मी म्हटलं आजोबा, बाराखडीच्या तक्त्यावर पण बिचारा ण 'बाणाचा ण' असतो, म्हणजे शब्दाच्या शेवटी, सुरुवातीला घ्यायला कुणाला जमलंच नाही. आठ दिवस बाळाचं नाव नुसतं 'बाळ'. शेवटी गुरुजी म्हणाले ण च्या जागी न घ्या, असंच करतात सगळे. मग नील ठेवलं. गुरुजी निघताना म्हणाले की आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, त्यामानाने तुम्ही सुटलात.

आजोबा अजून त्याला प्रेमाने 'णील' म्हणतात. सिरियसली.

जर्मनीहून

आमचा ओजस. आयुर्वेदातलं ओज तेच हे, शरीरातलं तेज, बळ. नवरा वैद्य घराण्यातला म्हणून त्याची हौस. इथे जर्मनीत जे अक्षर आपण ज साठी लिहितो त्याचा उच्चार य करतात, त्यामुळे पाळणाघरात पोरगा 'ओयास' झाला. पहिले सहा महिने मी दुरुस्त करत होते, आता तोच मला घरी आल्यावर सांगतो की तिकडे मी ओयास असतो आणि इकडे ओजस.

पण सांगायची गोष्ट वेगळीच आहे. नोंदणीला गेलो तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, हे मुलाचं नाव की मुलीचं? मला राग आला, पण मागून कळलं की इथे पूर्वी नावावरून मुलगा-मुलगी कळलंच पाहिजे असा दंडक होता, आणि तो सैल झाला तो आपल्याच एका नावामुळे. एका भारतीय-जर्मन जोडप्याने लेकीचं नाव किरण ठेवलं, कार्यालयाने नकार दिला, म्हणे यावरून कळत नाही, सोबत दुसरं स्पष्ट नाव जोडा. ते आईवडील पार घटना न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ च्या डिसेंबरात कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे किरणताई आणि किरणदादा एकाच वाड्यात सुखाने नांदतात, तिकडे त्यावर एवढा मोठा खटला.

अनयचा बाबा

आरवच्या आई, तुम्ही सुखी आहात. आमचा अनय. आम्ही ठेवलं ते राधेचा नवरा अनय म्हणून, आणि बायकोला न आणि य चा तो मऊ आवाज आवडला म्हणून. हल्लीच पुतणी नववीला संस्कृत शिकायला लागली आणि तिने जेवताना सांगितलं, काका, नय म्हणजे नीती ना, मग अनय म्हणजे? दोन मिनिटं कुणी बोललं नाही. शोधलं तर खरंच, अनीती, वाईट वागणूक, वर दुर्दैव असाही अर्थ सापडला. राजपत्रात जाहिरात देऊन नाव बदलायचं का यावर घरात दोन महिने चर्चा चालूए. पोरगा सहा वर्षांचा, पहिलीत. त्याला विचारलं तर म्हणाला बदलायचं असेल तर हल्क ठेवा.

सांगलीकर

अनयचा बाबा, नका बदलू. पोराला सवय झालीय, त्याच्या डोक्यात अनय म्हणजे तो स्वतः, बाकी काही नाही.

रेयांशवरून आठवलं. आमच्या जैन घरांत श्रेयांस हे जुनं नाव, अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. श्रेयस् पासून आलेलं, जास्त चांगलं, कल्याणाचं. आजोबांच्या पिढीत प्रत्येक गल्लीत एक असायचा. आता भाच्याला रेयांश ठेवलंय, अर्थ म्हणे सूर्यकिरणाचा अंश. श्रे मधला श् कापला की सूर्यकिरण कुठून येतो हे मला तरी कोणत्याच कोशात सापडलं नाही. बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली तू बारशाला चांदीची वाटी दिलीस तेवढं पुरे.

साताऱ्याकडची

वाचतेय सगळं, हसतेय. पण एक लिहू का. आमच्याकडे नावाचा अर्थ शोधायला कोश लागायचा नाही. चौथीपर्यंत माझ्या बाकावर नकुशा बसायची. तीन बहिणींनंतरची. तिला हजेरीत हाक मारली की ती 'हजर' एवढ्या हळू म्हणायची की बाई दोनदा विचारायच्या. आम्हाला लहानपणी ते फक्त नावच वाटायचं, वैशाली, सुवर्णा, नकुशा, असं. मोठी झाल्यावर एकदम कळलं आणि पोटात गोळा आला. २०११ साली साताऱ्यात अशा मुलींचं सरकारी कार्यक्रमात नव्याने नामकरण झालं, त्याच्या बातम्या आल्या तेव्हा मला तिचीच आठवण. ती तोवर लग्न होऊन गेलेली, सासरी दुसरं नाव मिळालेलं, लग्नात नाव बदलतात या गोष्टीचा आनंद झालेली ती मला माहीत असलेली एकटीच. मागच्या जत्रेत भेटली, लेकीचं नाव सांगितलं ईप्सिता. म्हणजे हवी असलेली. कुणाला विचारून ठेवलं विचारलं तर म्हणाली, शाळेतल्या बाईंना. त्याच बाई.

प्लेग्रुपवाली टीचर

साताऱ्याकडची, तुमचं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

आरवची आई

मी पण. दोनदा वाचलं.

विषय बदलत नाहीये, पण मे महिन्यातलं सांगते. माहेरी गेलो होतो, कोकणात, आईकडे पाच-सहा कोंबड्या आणि एक माजोरी कोंबडा. पहिल्याच दिवशी पहाटे साडेचारला तो सुरू झाला. आई अंथरुणातूनच म्हणाली, "आरवला गो, ऊठ आता." आणि माझं पोर, जे शाळेसाठी सातला उठवताना पाय झाडतं, ते ताडकन उठून बसलं. त्याला वाटलं आजीने त्यालाच हाक मारली. मग त्याला समजावलं की कोंबडा ओरडतो त्याला आरवणं म्हणतात. दोन मिनिटं डोळे चोळत विचार केला आणि चड्डीवर तसाच मागीलदारी पळाला. पुढचे आठ दिवस दोघांची रोज पहाटे जुगलबंदी. शेजारच्या वहिनी विचारून गेल्या की तुमचा कोंबडा यंदा दोनदा कसा आरवतो.

सातवा महिना

धागा वेळेत सापडला, आमच्या यादीत आरव पहिला होता, आत्ताच खोडला, सॉरी. निनाद कसं वाटतं? प्लीज कुणीतरी त्या मामांना विचारा.

आरवची आई

विचारलं. म्हणाले तोही आवाजच, अमरकोशात त्याच रांगेत बसलाय. पण निदान त्याचा अर्थ शांत आहे असं त्यांनी अजून कुठे वाचलेलं नाही.