शेवळं आणि काकडं: आंबटाविना खाज जाते का?

घोडबंदरकर: पहिला पाऊस पडला की ठाण्यात जांभळी नाक्यावर शेवळं, म्हणजे सुरणासारख्या रानकंदाचे कोवळे फुलोरे, भाजीसाठी येतात, आणि विकणाऱ्या मावश्या जुडीबरोबर काकडं, ती छोटी आंबट रानफळं, घ्यायला लावतात. माझं मत: शेवळांची घशाला सुटणारी खाज काकडांनी जात नाही. खाजवतात त्या शेवळातल्या कॅल्शियम ऑक्झलेट या क्षाराच्या बारीक सुया, त्या असल्या सौम्य आंबटात विरघळत नाहीत. हवाई बेटांवर अळूचे कंद तासन्‌तास उकडून, कुटून पोई करतात, पानंही पाऊण तासाच्या वर शिजवतात. उकडताना आंबटाचा थेंब नाही!

नेरूळची सुगरण: कंदाचा न्याय फुलोऱ्याला लावू नका हो. शेवळं तासभर उकडलीत तर लगदा होईल. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं ठेचायची, वाटीभर पाण्यात कोळून गाळायची, त्या पाण्यात भाजी शिजवायची. आणि पोई आंबवूनही खातात की!

घोडबंदरकर: आंबते ती उकडल्यानंतर. तोवर खाज गेलेली असते.

वनस्पतीवेडा: जपानी कोन्याकु, म्हणजे कंदाच्या पिठाची घट्ट वडी, ते झाड शेवळाच्याच प्रजातीतलं (genus). कंदाचं पीठ पाण्यात फुगवून त्यात चुन्याचं पाणी घालतात, घट्ट झालं की उकळतात. म्हणजे आंबटाच्या अगदी उलट टोक. तेव्हा ‘आंबटच हवं’ हा नियम काही जगभरचा नाही.

पण दोघांनी मुळातलं काम सोडलंत: सोलणं. हाताला तेल लावून बाहेरची पातळ आवरणं काढा. आतलं जांभळट पान उलगडलं की मधे दांडा दिसतो. त्याच्या बुडाशी मक्याच्या कणसासारखा दाणेदार, पिवळट भाग असतो, तो कापून फेकायचा. तो राहिला तर वीस काकडं घातली तरी घसा धरतो.

नेरूळची सुगरण: पिवळा भाग काढायचा हे सांगायला हवं होतं, मान्य. काकडं मात्र सोडणार नाही. त्यांच्याशिवाय चव ती नव्हे.

घोडबंदरकर: चवीसाठी घाला की! भांडण औषधाचं आहे. फक्त आधी घालू नका, आंबटात भाजी मऊ व्हायला वेळ लागतो आणि भाजीत वाल घालत असाल तर ते दडदडीत राहतात. वाल वेगळे शिजवा. शेवळं बारीक चिरून तेलात चांगली दहा-पंधरा मिनिटं परता, मग काकडाचं पाणी घालून उकळी काढा.

नेरूळची सुगरण: आणि ताटात वाढायच्या आधी कणभर जिभेच्या टोकाला लावून मिनिटभर थांबा. चुरचुरलं तर पुन्हा झाकण.