समलिंगी प्रेमकथा मधेच का गंडतात?

वाचनवेडा: या महिन्यात तीन वाचल्या. पन्नास पानांत प्रेम जमतं, मग दोनशे पानं एकच गैरसमज. एका फोनवर मिटला असता! तुमचा अनुभव?

तळटीप: या कथांत नायकाची बेकरी असते, पण गडी पहाटे उठताना कधी दिसत नाही. माझं तिथेच बिनसतं.

शाईपेन: सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही कादंबरी वाच. एकाच पेइंग गेस्टवर भाऊ-बहीण दोघंही जीव टाकतात. गोड शेवट नाही, पण घर खरं वाटतं.

वाचनवेडा: वाचलीय रे. पण रडारड पुरे झाली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरने 'मॉरिस' ही समलिंगी प्रेमकथा १९१३-१४ मध्ये हट्टाने सुखान्त लिहिली. छापून आली १९७१ मध्ये, तो गेल्यावर. मला सुखान्तच हवाय, फक्त फोन जरा लवकर करा म्हणावं.