मदत हवी आहे: चार माइक लावले तरी सौद्यातला गोंगाट कमी होईना

नमस्कार मंडळी. सांगली मार्केट यार्डात काकांचं अडत दुकान आहे. हळदीच्या सौद्यात पुकारलेले भाव रेकॉर्ड करून त्यांची आपोआप नोंद व्हावी, म्हणून एक खटपट चालू आहे. एक माइक लावून पाहिला, तर भावापेक्षा हमालांचा दंगा आणि टेम्पोची घरघरच जास्त.

मग ईएसपी३२ या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डला चार आयएनएमपी४४१ डिजिटल माइक जोडले, एका रेषेत, 10-10 सेंटीमीटरवर. डिले-अँड-सम लिहिलं, म्हणजे प्रत्येक माइकचा आवाज थोडा मागेपुढे करून बेरीज करायची, की पुकारणाऱ्याच्या दिशेचा आवाज उठून येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 343 मीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीच्या हिशेबाने 1700 हर्ट्झच्या वर एलियासिंग होणार, भलत्या दिशेचा आवाजही हव्या दिशेचाच वाटणार. हे पट्टी सोल्डर करून झाल्यावर लक्षात आलं! 4 सेंटीमीटरवर आणले तर 4000 हर्ट्झपर्यंत निभावतं, पण पट्टी जेमतेम 12 सेंटीमीटरची उरते. टेम्पोच्या 200 हर्ट्झची तरंगलांबी पावणेदोन मीटरच्या आसपास, तिथे एवढीशी पट्टी काय दिशा ओळखणार?

माइकमधलं अंतर असमान ठेवून कुणी केलंय का? दुसरं, दोन-दोन माइक बोर्डाच्या वेगळ्या आयटूएस पोर्टवर (डिजिटल आवाज आत घेणारी जोडणी) आहेत. 16 किलोहर्ट्झला एका सॅम्पलची चूक म्हणजे दोन सेंटीमीटरचा फरक. दोन्ही पोर्ट एकाच क्लॉकवर कसे बांधायचे? एमव्हीडीआर (हव्या दिशेचा आवाज ठेवून बाकीचा गोंगाट दाबणारी पद्धत) करून पाहिलं, तर पुकारणारा जरा बाजूला सरकला की त्याचाच आवाज दबतो. तिचा काटेकोरपणा जरा सैल करणारं डायगोनल लोडिंग किती ठेवता?

काका म्हणतात, "वहीच बरी हुती." सौदा चालू असतानाचं रेकॉर्डिंग आहे, हवं असेल तर पाठवतो.