वेव्हरची भीती: ५३वा खेळाडू खरंच कोणी पळवतं का?

नाईनर_सनीव्हेलचा
आज न्यूयॉर्कच्या घड्याळात चार वाजले आणि अमेरिकन फुटबॉलच्या लीगमधल्या, म्हणजे एनएफएलच्या, ३२ संघांनी ९० जणांची यादी ५३ वर आणली. एका दिवसात हजाराहून जास्त पोरांना नारळ! आणि दरवर्षीचं रडगाणंही सुरू झालं: 'अरे, याला कशाला सोडला, वेव्हरवर कोणीतरी उचलणार!'

माझं म्हणणं, ही भीती निम्म्याहून जास्त पोकळ आहे.

नव्यांसाठी थोडक्यात. ज्याचे चार मोसम भरलेले नाहीत, तो सोडला तरी लगेच मोकळा होत नाही. तो वेव्हरवर जातो: बाकीचे ३१ संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात (म्हणजेच क्लेम), आणि गेल्या मोसमात ज्याची दैना जास्त, त्याचा नंबर आधी. उद्या दुपारी १२ पर्यंत कोणीच हात वर केला नाही, तर जुना संघ त्याला प्रॅक्टिस स्क्वाडच्या, म्हणजे सरावाच्या राखीव तुकडीच्या, १६ जागांपैकी एकीवर परत घेऊ शकतो, अर्थात तो तयार असेल तर.

पण हक्क सांगणाऱ्याला तो ५३ मध्येच घ्यावा लागतो, तोही जुन्या करारासकट. म्हणजे महिनाभर सरावात पारखून ठेवलेल्या स्वतःच्या एका माणसाला हाकलायचं, आणि ज्याला तुमच्या खेळाची वहीसुद्धा माहीत नाही तो आणायचा. कोण करतं हे? २०२३ मध्ये पेट्रियट्सनी बेली झॅपीला सोडला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा, आदल्या मोसमात सामने खेळलेला. एकाही संघाने मागितला नाही. गुपचूप परत आला, आणि डिसेंबरमध्ये त्यांचाच मुख्य क्वार्टरबॅक झाला.

जर्सीसिटीचा_दुखी_जेट
तुम्ही नाईनर्सचे चाहते असून हे लिहिताय? ब्रॉक पर्डी विसरलात? २०२२ च्या ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) २६२वा, म्हणजे अगदी शेवटचा. त्याला प्रॅक्टिस स्क्वाडवर ढकलायचा मोह कोणालाही झाला असता. तुमच्या संघाने उलट केलं. क्वार्टरबॅक नेट सडफेल्डला २० लाख डॉलरची हमी दिलेली होती, तरी त्याला सोडला आणि पर्डीला ५३ मध्ये ठेवला. पुढे दुसऱ्याच आठवड्यात मुख्य क्वार्टरबॅक ट्रे लान्सचा घोटा मोडला, डिसेंबरमध्ये त्याच्या जागी आलेल्या गारोपोलोचा पाय. मग कोण उभा राहिला? तीच 'पोकळ भीती' तुम्हाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेली.

आमचं दुःख तर जुनंच आहे. २०१० मध्ये आमच्या जेट्सनी डॅनी वुडहेडला सोडला. त्याच आठवड्यात पेट्रियट्सनी उचलला. शेजाऱ्याच्या अंगणात आपलंच आंब्याचं झाड, आणि मोहोर बघत बसायचं.

उगाच_बोलतो
आणि त्याच मोसमात प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) पेट्रियट्सना २८-२१ हरवलं कोणी? जेट्सनीच. झाड गेलं, आंबे तुम्हीच खाल्लेत की!

जर्सीसिटीचा_दुखी_जेट
@उगाच_बोलतो त्यानंतर आजतागायत काय खाल्लंय तेही सांगा.

नाईनर_सनीव्हेलचा
पर्डीचा मुद्दा मान्य, पण तो क्वार्टरबॅक होता. तिथे चूक परवडत नाही. मी बोलतोय यादीच्या तळाशी असलेल्या सहाव्या रिसीव्हरबद्दल (पास झेलणारा), दहाव्या लाइनमनबद्दल. रहीम मॉस्टर्ट बघा. सहा संघ फिरून आमच्याकडे आला, आणि जानेवारी २०२० मध्ये पॅकर्सविरुद्ध २२० यार्ड धावला, चार टचडाऊन. सहा संघांच्या जाणकारांना जो ओळखता आला नाही, त्याला 'कोणीतरी पळवणार' म्हणून जागा अडवून काय मिळणार होतं?

ताई_सिएटल
दोघेही वेव्हरलाच धरून बसलाय. खरी गळती पुढे आहे. प्रॅक्टिस स्क्वाडवर परत आलेला खेळाडू सुरक्षित कुठे असतो? मोसमभर कोणताही दुसरा संघ त्याला थेट आपल्या ५३ मध्ये उचलू शकतो. त्याच २०२३ मध्ये पेट्रियट्सचा मलिक कनिंगहॅम वेव्हरमधून सुखरूप परतला आणि डिसेंबरमध्ये रेव्हन्सनी नेला.

आणि हुशार संघ वेव्हरला वळसा कसा घालतात तेही बघा. चार मोसम भरलेल्या खेळाडूला ऑगस्टमध्ये वेव्हर लागूच नाही. मग काय करायचं, एखाद्या जुन्या भरवशाच्या गड्याला सोडायचं आणि कानात सांगायचं, 'एक दिवस कुठे जाऊ नकोस.' दुसऱ्या दिवशी जखमी माणूस यादीबाहेर काढला की गडी परत आत! पूर्वी मोसमात परत आणायचा जखमी खेळाडू एक दिवस तरी ५३ मध्ये ठेवावाच लागे. २०२४ पासून दोन जखमींपुरती सूट मिळाली, तरी ही चाल अजून चालते. सगळा खेळ शब्दावर.

नाईनर_सनीव्हेलचा
@ताई_सिएटल कनिंगहॅम गेला, त्याने पेट्रियट्सचं काय अडलं?

ताई_सिएटल
काही नाही. पण ते डिसेंबरमध्ये कळतं, ऑगस्टमध्ये नाही. यादी ऑगस्टमध्ये करायची असते.

बेंचवरचा_माणूस
मी वीस वर्षं आयटीत. प्रॅक्टिस स्क्वाड म्हणजे आमचा बेंच, प्रोजेक्ट नसताना बसवतात तो! फरक एवढाच की आमच्या बेंचवर पगार तोच मिळायचा. तिथे २०२४ मध्ये आठवड्याला साडेबारा हजार डॉलर, आणि ५३ मधल्या अगदी नवख्याला साधारण ४४ हजार. सगळे 'संघाने खेळाडू गमावला' म्हणून हळहळताय. पोराच्या बाजूने बघा, कोणी क्लेम केला तर त्याचा पगार तिप्पट. उलट ज्याला कोणी मागत नाही, त्याच्या घरी काय शांतता असेल. माझी नोकरी गेली तेव्हा व्हिसाच्या ६० दिवसांत नवी शोधायची होती. या पोरांचा निकाल वीस तासांत.

जर्सीसिटीचा_दुखी_जेट
@बेंचवरचा_माणूस हे पटलं. फक्त त्याला संघ निवडता येत नाही, जो ओढेल त्याच्याकडे जायचं. हां, कधी तेच फळतं. डिसेंबर २०२२ मध्ये पँथर्सनी बेकर मेफील्डला सोडला. ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपली की अनुभवी खेळाडूंनाही वेव्हर लागतो, म्हणून तोही त्यात. मंगळवारी रॅम्सनी क्लेम केला, गुरुवारी रात्री मैदानात, आणि शेवटी ९८ यार्डांची चढाई करून रेडर्सना १७-१६ हरवलं.

नाईनर_सनीव्हेलचा
बघा, खेळाची वही दोन दिवसांत पाठ होते म्हणजे. माझाच मुद्दा माझ्यावर उलटवलात. पण मेफील्ड ड्राफ्टमधला पहिला होता, ५४वा नव्हे!

उद्या दुपारी क्लेमची यादी आली की इथेच टाकतो. आमच्या सोडलेल्यांपैकी दोघांपेक्षा जास्त गेले, तर मिसळ माझ्याकडून.

उगाच_बोलतो
सनीव्हेलमधली मिसळ? नको, त्यापेक्षा वेव्हर बरा.