‘हॅल्युसिनेशन’ला मराठीत काय म्हणाल? भास, थाप, तुक्का की आणखी काही?

बोरिवली स्लो

एआय एखादी खोटी गोष्ट बिनदिक्कत खरी म्हणून सांगतं, त्याला इंग्रजीत ‘हॅल्युसिनेशन’ म्हणतात. केंब्रिज शब्दकोशाने २०२३ सालचा शब्द म्हणून ‘हॅल्युसिनेट’ निवडला तो याच नव्या अर्थामुळे. मराठीत भास, भ्रम, मतिभ्रम असं काय काय वाचायला मिळतं. मला यातलं एकही पटत नाही.

उदाहरणच देतो. चिंचपोकळी हे नाव कसं पडलं, असं एका चॅटबॉटला विचारलं. चिंच तर नावातच बसली आहे. पण यानं एका पोर्तुगीज कप्तानाच्या बंगल्याची गोष्ट सांगितली, बंगल्याला तोफा होत्या म्हणे, आणि वर आधार दिला: मुंबई शहर व बेट यांचं गॅझेटियर, खंड चौथा, पान अमुक. ते गॅझेटियर १९०९-१० साली छापलं गेलं आणि त्याचे खंड तीनच आहेत! चौथा खंड याला कुठे मिळाला?

याला ‘भास झाला’ म्हटलं की बिचाऱ्याला काहीतरी झालंय, बरं वाटलं की नीट बोलेल, असा सूर लागतो. तसं काही नसतं. ही भाषेची मॉडेलं आधीचे शब्द बघून पुढे कोणता तुकडा येण्याची शक्यता जास्त, हे गणित मांडत जातात. ‘गॅझेटियर’नंतर ‘खंड’ येतो, ‘खंड’नंतर आकडा येतो, आकड्यानंतर पान. बरोबर उत्तर देतानाही आत हेच चालू असतं आणि चुकीचं देतानाही हेच. म्हणजे शब्द हवा तो या सवयीला, आजाराला नव्हे. सुचवा.

रात्रपाळी

मथळा लावणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. दोन कॉलमांत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेला होणारे मतिभ्रम’ बसत नाही. ‘एआयच्या थापा’ बसतं, आणि सकाळी सातच्या गाडीत लटकलेल्या माणसालाही कळतं. माझं मत थापेला. लोणकढी थाप तर अगदीच चपखल.

‘विभ्रम’ कृपा करून कुणी आणू नका. हिंदीत ते चालत असेल, आपल्याकडे विभ्रम नायिकेचे असतात. ‘एआयचे विभ्रम’ असा मथळा दिला तर बातमी मनोरंजनाच्या पानावर जाईल.

ओपीडी नंबर सात

मानसोपचाराच्या बाजूने दोन शब्द. भास म्हणजे समोर काहीच नसताना दिसणं, ऐकू येणं. पेशंट सांगतो, ‘डॉक्टर, भिंतीपलीकडून माझंच नाव घेतात.’ त्याला ते खरोखर ऐकू येत असतं. मजकुरावर चालणाऱ्या मॉडेलला कुठले कान? तेव्हा भास बाद.

भ्रम आम्ही डिल्यूजनसाठी वापरतो, म्हणजे ढीगभर पुरावे दाखवले तरी हलत नाही अशी समजूत. तुमचा चॅटबॉट तर ‘हे चूक आहे’ एवढं म्हटलं की माफी मागून लगेच दुसरी गोष्ट सांगायला तयार. इतका आज्ञाधारक भ्रम मी पाहिलेला नाही.

खरं साम्य आहे ते कॉन्फॅब्युलेशनशी. वर्षानुवर्षं दारू पिऊन शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, कमी पडलं की काहींना कोर्साकॉफ सिंड्रोम होतो. नवं काही लक्षात राहत नाही. महिनाभर वॉर्डात असलेल्या अशा माणसाला विचारा, काल काय केलंत? तो सहज सांगतो, ‘काल दादरला गेलो, फुलं घेतली, येताना पाऊस लागला.’ त्याला तुम्हाला फसवायचं नसतं. आठवणीत जागा रिकामी असते आणि ती आपोआप, शोभेल अशा मजकुराने भरली जाते. याला घरगुती मराठी शब्द असेल तर मलाही हवा आहे. नातेवाइकांना समजावताना माझी दरवेळी पंचाईत होते. त्यांना वाटतं, बाबा खोटं बोलायला लागले.

गिरगावच्या बाई

डॉक्टर, शब्द आहे की. पदरचं घालणं.

‘निरोप दिला तेवढाच सांग, पदरचं काही घालू नकोस,’ हे वाक्य आमच्या लहानपणी दिवसातून एकदा तरी कानावर पडायचं. आपल्या पदराला खार लावून, म्हणजे स्वतःचं काही खर्चून, मूळ निरोपात भर टाकायची. त्यात लबाडी असेलच असं नाही. पुष्कळदा निरोप अर्धवट आठवतो म्हणून पोर मधली जागा भरून काढतं. तुमच्या वॉर्डातल्या बाबांना हे लागू पडतं आणि त्या चौथ्या खंडालाही.

रात्रपाळी, थापेबद्दल माझी हरकत आहे. थाप मारणाऱ्याला ठाऊक असतं की आपण थाप मारतोय. लोणकढी तर नुकतीच कढवून काढलेली, ताजी ताजी, समोरच्याचा चेहरा बघून रचलेली. त्यात हुशारी लागते, आणि थोडी मजाही. तिखटमीठ लावणं म्हणाल तर त्याला मुळात काहीतरी घडलेलं लागतं. कंडी पिकवणं, वावड्या उठवणं, भुमका उठणं यांना दहा तोंडं लागतात, हे शब्द व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डसाठी राखून ठेवा, तिथे त्यांचं सोनं होईल. आणि वावडी म्हणजे मोठा पतंग, हे हल्लीच्या मुलांना सांगावं लागतं हो!

बोरिवली स्लो

बाई, ‘पदरचं’ मस्त. फक्त एक शंका. निरोप सांगणाऱ्या पोराकडे मुळात निरोप तरी असतो. यंत्राकडे खरं-खोटं असे दोन कप्पेच नाहीत. हॅरी फ्रँकफर्ट नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने फरक सांगितला होता: खोटं बोलणारा सत्याची दखल घेतो, कारण त्याला ते लपवायचं असतं, पण नुसत्या बाता मारणाऱ्याला आपलं बोलणं खरं की खोटं याची फिकीरच नसते. २०२४ साली ग्लासगो विद्यापीठातल्या तीन अभ्यासकांनी हाच फरक चॅटजीपीटीला लावून दाखवला आणि हॅल्युसिनेशन हा शब्द दिशाभूल करतो असं म्हटलं. त्यांनी सुचवलेला इंग्रजी शब्द घरात म्हणता येत नाही. मराठीत ‘ठोकून देणं’ त्याच्या जवळ जातं असं मला वाटतं. ‘आठवत नव्हतं, दिलं ठोकून.’

दुसरं म्हणजे ही सवय लागते कशी. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये लिहिलं की मॉडेलांच्या चाचण्यांत ‘मला माहीत नाही’ या उत्तराला भोपळा मिळतो आणि अंदाज बरोबर आला तर गुण. मग मॉडेल अंदाज करायलाच शिकतं. आपल्या सीईटीला चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत सगळी पोरं उरलेल्या प्रश्नांना अंदाजाने उत्तरं देऊन टाकतात, तसंच. त्यामुळे ‘तुक्का’ही यादीत ठेवतो. फरक एवढाच की तुक्का मारणारं पोर बाहेर आल्यावर मित्राला सांगतं, ‘तीन तुक्के मारलेत.’ यंत्र तीन तुक्के आणि सत्तेचाळीस पक्की उत्तरं एकाच आवाजात वाचून दाखवतं.

रात्रपाळी

‘खोटं बोल पण रेटून बोल’ म्हणतात ते हेच. बरं, बाईंची हरकत मान्य. पण वाचकाच्या डोक्यात आधीच एक गोंधळ आहे आणि तो आमच्याच मथळ्यांनी वाढवला. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या चेहऱ्या-आवाजाचा एका गेमिंग ॲपच्या जाहिरातीसाठी बनवलेला व्हिडिओ फिरला, त्यांनी स्वतःच तो खोटा असल्याचं सांगितलं. एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजारानेही आपल्या प्रमुखांचा चेहरा वापरून शेअरचे सल्ले देणाऱ्या व्हिडिओंबद्दल सावध केलं. तिथे कुणीतरी माणूस बसून, पैसे लुटायला, ते बनवत होता. त्याला ‘बनावट’ म्हणा, ‘तोतया’ म्हणा. तोतया हा शब्द पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबांपासून आपल्या ओळखीचा, अशा नकली व्हिडिओला, म्हणजे डीपफेकला, फार शोभतो. हॅल्युसिनेशनमध्ये असा बनवणारा हातच नसतो. दोन्हींना ‘एआयचा खोटेपणा’ म्हणून एकाच पोत्यात घातलं तर लोक चुकीच्या ठिकाणी सावध राहतात.

फोर्टातला वकील

उशिरा आलो, पण हे भांडण आमच्या दारात येऊन ठेपलंय. न्यूयॉर्कमध्ये जून २०२३ ला दोन वकिलांना आणि त्यांच्या फर्मला मिळून पाच हजार डॉलर दंड झाला, कारण चॅटजीपीटीने दिलेले, कधीच न झालेले निवाडे त्यांनी कोर्टात दाखल केले होते. हसलो होतो आम्ही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच उच्च न्यायालयाने प्राप्तिकर आकारणीचा एक आदेश रद्द केला. त्यात ज्या निवाड्यांचा आधार घेतला होता त्यांतले काही अस्तित्वातच नव्हते. एआयच्या काळात यंत्राने काढून दिलेलं आधी पडताळून घ्या, असं न्यायालयाने बजावलं.

माझी अडचण शब्दाचीच आहे. अर्जात ‘बनावट निवाडे’ लिहिलं की बनावटीकरणाचा आरोप होतो, म्हणजे फसवणुकीचा हेतू सिद्ध करत बसा. ‘चुकीचे निवाडे’ म्हटलं तर निवाडा होता पण लावला चुकीचा, असा अर्थ निघतो. ‘काल्पनिक’ जरा बरं, पण कल्पना कुणाची केली, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

गिरगावच्या बाई

मग ‘अस्तित्वात नसलेले’ असंच सरळ लिहा. कायद्याच्या कागदावर वाक्प्रचार कशाला? बोलताना ‘पदरचे’ म्हणा. आणि बोरिवलीकर, ‘ठोकून देणं’ क्रियापद म्हणून छान आहे, पण त्याचं नाम करा पाहू. ‘ठोकाठोक’ झालं की मारामारी होते. ‘पदरचं’ला ती अडचण नाही: पदरचा दाखला, पदरचा खंड, पदरची तारीख. विशेषण म्हणून कुठेही लावता येतं.

ओपीडी नंबर सात

‘बाबा खोटं बोलत नाहीत, पदरचं सांगतायत, त्यांना ते कळत नाही.’ उद्यापासून असंच सांगून बघतो.

रात्रपाळी

‘एआयने दिले पदरचे दाखले’. दोन कॉलमांत बसलं! डेस्कवर मांडतो, काटलं तर ‘थापा’ आहेच.

फोर्टातला वकील

ज्युनियरने आजच बारा निवाड्यांची यादी आणून टेबलावर ठेवली आहे. विचारतो त्याला, यातले पदरचे किती?